गे मुलं जास्त नशा करतात, ते गे असल्यामुळे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २४ वर्षांचा, गे, घरी कोणालाच माहीत नाही, ऑफिसात फक्त एका मैत्रिणीला माहीत आहे. आठवड्यातून चार-पाच रात्री पितो, शनिवारच्या पार्टीत पॉपर्स (हुंगायचं नशेचं द्रव्य) असतात, दोनदा मेफेड्रोन हे उत्तेजक ड्रगही घेऊन झालंय. गे लोकांमध्ये व्यसनाचं प्रमाण जास्त असतं असं त्याने वाचलं आणि घाबरला, की हे माझ्यात जन्मजातच आहे का? जवळचा मित्र त्याला म्हणाला, 'सगळेच पितात, तू उगाच भेदभावाचं निमित्त करू नकोस', तर मायनॉरिटी स्ट्रेस, म्हणजे अल्पसंख्य असल्याचा जास्तीचा ताण, म्हणतात ते खरं की नुसती पळवाट? आणि शेवटचा प्रश्न, आधी घरी सांगू की आधी दारू सोडू?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १७ वर्षं व्यसनमुक्तीचं काम करतेय. स्वतः गे नाही, त्यामुळे इथे जे सांगते ते माझ्यासमोर बसलेल्या मुलांकडून शिकलेलं आहे, आणि थोडं अभ्यासातून. जरा लांबेल, पण तुझे तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एका ओळीत उत्तर देता येत नाही.

पहिलं, नाही, जन्मजात नाही. तू वाचलेले आकडे खोटे नाहीत. २००८ साली मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे १८ अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किशोरवयीन मुलांमध्ये नशा करण्याचे ऑड्स (शक्यता मोजायचं एक गुणोत्तर) स्ट्रेट मुलांपेक्षा सरासरी १९० टक्क्यांनी जास्त निघाले. हा आकडा एकटा वाचला की कोणीही हादरेल. पण त्याच्या शेजारी दुसरा एक अभ्यास ठेवून बघ. अमेरिकेत २००४ आणि २००५ च्या निवडणुकांच्या वेळी काही राज्यांनी समलिंगी लग्नावर बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्त्या केल्या. योगायोगाने त्याच सुमारास तिथे एक मोठी राष्ट्रीय पाहणी चालू होती, जिची पहिली फेरी २००१-०२ ला आणि दुसरी २००४-०५ ला झाली, म्हणजे तीच माणसं बंदीच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे सापडली. मार्क हॅट्झनब्यूलर यांनी २०१० मध्ये ही माहिती तपासली तेव्हा बंदी आणलेल्या राज्यांत राहणाऱ्या एलजीबी लोकांमध्ये दारूशी संबंधित विकार सुमारे ४२ टक्क्यांनी वाढलेले दिसले, मूड डिसऑर्डर जवळपास ३७ टक्क्यांनी, आणि जिथे अशी बंदी आली नाही तिथे तशी वाढ दिसली नाही. आता विचार कर, ही माणसं आधीही गे होती, नंतरही गेच होती. त्यांच्या रक्तात, मेंदूत काही बदललं नव्हतं, बदललं ते बाहेर, चौकाचौकात त्यांच्याबद्दल जे जाहीरपणे बोललं जात होतं ते. दोष गे असण्यात असता तर आकडा मतदानाबरोबर हलला नसता ना. आणि हेही लक्षात ठेव, जास्त प्रमाण म्हणजे सगळे नाहीत, बहुसंख्य गे तरुण व्यसनाकडे जातच नाहीत.

आता मायनॉरिटी स्ट्रेस. हा शब्द सोशल मीडियाने काढलेला नाही. १९८१ मध्ये व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी लेस्बियन स्त्रियांबद्दल लिहिताना तो वापरला, १९९५ मध्ये इलान मेयर यांनी गे पुरुषांवरच्या अभ्यासात तो नीट मांडला आणि २००३ मध्ये त्याला पूर्ण चौकट दिली. मुद्दा साधा आहे. कामाचा ताण, पैशाचा ताण, ब्रेकअपचा ताण सगळ्यांनाच असतो, त्याच्या वरती एक जास्तीचा थर असतो जो स्ट्रेट माणसाला नसतो, आणि तो अधूनमधून नाही तर रोज असतो. त्यातला काही भाग बाहेरून येतो, शिवी, मारहाण, नोकरी जाणं, घरातून काढणं. बाकीचा आत घडतो. आपल्याला झिडकारतील ही आधीच बसलेली धास्ती, सतत लपवणं, आणि लहानपणापासून ऐकलेलं सगळं स्वतःच्याच मनात मुरून स्वतःबद्दल वाटणारी किळस. लोक ताण म्हटलं की बाहेरचंच मोजतात. तुझा मित्रही तेच मोजतोय, तुला कोणी मारलं का, कामावरून काढलं का, नाही ना, मग कसला भेदभाव? पण माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलांना पिळून काढलं ते आतल्या पहाऱ्याने.

पहारा म्हणजे काय ते एका मुलाच्या वहीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि सांगायची परवानगी त्याने दिलेली आहे. तो म्हणायचा, 'मॅडम मला काही ट्रिगर वगैरे नाही, घरी येतो आणि पितो, बस.' मी त्याला किती पितोस ते लिहू नकोस म्हटलं, पिण्याच्या आधीचा दिवस लिही. पुढच्या वेळी तो वही घेऊन आला, एका दिवसाचं पान साधारण असं होतं.

सकाळी ११:१०. टीममधल्या एकाने कोणाच्या तरी चालीची नक्कल केली, सगळे हसले, मी पण हसलो.
११:१२. जरा जास्तच हसलो का.
दुपारी २:४०. वीकेंडला कुठे होतास विचारलं. मैत्रिणीबरोबर म्हणालो. नाव विचारलं. पटकन एक नाव सांगून टाकलं. आता ते लक्षात ठेवायला हवं.
संध्याकाळी ६:०५. त्याचा फोन आला. स्क्रीन पालथी घातली.
रात्री ८:३०. पहिला पेग.

मी त्याला ते पान मोठ्याने वाचायला सांगितलं. २:४० वर आला आणि थांबला. म्हणाला, 'तुम्हाला माहितीये का, मराठीत हे फार अवघड जातं.' मला आधी कळलंच नाही. मग त्याने समजावलं, की इंग्रजीत नाव टाळून पार्टनर म्हणून वेळ मारून नेता येते, पण मराठीत 'तो आला होता, त्याला उशीर झाला, तो चिडला' यात सर्वनामालाही लिंग आहे आणि क्रियापदालाही, बोलता बोलता प्रत्येक शब्द बदलावा लागतो, ती आली होती, तिला उशीर झाला, ती चिडली, आणि एक जरी 'चिडला' तोंडातून निसटला तर संपलं. दिवसातून किती वेळा करतोस असं, विचारलं. मोजलंच नाही म्हणाला. मी जन्मभर मराठी बोलतेय, माझ्या हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

त्या पानावरच्या वेळा बघ. नक्कल झाली ११:१० ला, ती दोन सेकंदांची होती. पहिला पेग ८:३० ला. मधल्या नऊ-सव्वानऊ तासांत कोणी त्याला काहीही केलं नाही, पण डोकं तेच उगाळत बसलं होतं, जास्त हसलो का, कमी हसलो असतो तर संशय आला असता का, तो माझ्याकडे बघत होता का. हॅट्झनब्यूलर यांचा २००९ चा एक लेख आहे तो नेमका याच मधल्या तासांबद्दल आहे. बाहेरचा कलंक माणसाच्या आत आजार कसा होतो, तर तीन वाटांनी, एक भावना सांभाळायची ताकद संपून जाणं, हे उगाळणं त्यातलंच, दुसरं लोकांपासून तुटत जाणं, आणि तिसरं स्वतःबद्दल आणि पुढच्या आयुष्याबद्दल निराश विचार बसून जाणं. मुलगा मला सांगत होता ट्रिगर नाही. ट्रिगर होता, फक्त सकाळचा होता, म्हणून रात्री दिसत नव्हता.

आणि दारू इथेच बरोब्बर बसते. दारूने मेंदूतली शांत करणारी यंत्रणा, गाबा म्हणतात ती, जोर धरते आणि उत्तेजित ठेवणारी यंत्रणा दबते, म्हणजे पहारेकरी दोन-तीन तास झोपतो. मुलं मला मजेबद्दल फारसं बोलत नाहीत, 'मोकळं वाटतं' हाच शब्द वापरतात, आणि तो अगदी खरा शब्द आहे. पण मेंदू तोल सांभाळायला उलट्या दिशेने ढकलतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत धडधड, कारण नसताना भीती, आणि तो पहारेकरी आदल्या दिवसापेक्षा जास्त घाबरट होऊन उठतो. म्हणजे पहारा हलका करायला प्यायला आणि पहाराच वाढवून ठेवला. असे दोन-तीन महिने गेले की दिवसाची भीती कुठली आणि दारू उतरल्याची कुठली हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका केंद्रात काम करत होते, तिथे एक २२-२३ वर्षांचा मुलगा दारूसाठी दाखल झाला होता. फॉर्मवर विवाहित की अविवाहित एवढाच रकाना. ग्रुप सेशनमध्ये सगळे बायको-मुलांबद्दल बोलायचे, त्याची पाळी आली की तो कोणत्या तरी मुलीने फसवलं म्हणून प्यायला लागलो असं सांगायचा आणि मी मान डोलवायचे, नोंद करायचे. तीन महिने व्यवस्थित राहिला, आम्ही कौतुक केलं, मग घसरला, पुन्हा आला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा आला तेव्हा रडत म्हणाला, 'इथेसुद्धा दिवसभर अ‍ॅक्टिंगच करावी लागते, मग बाहेर काय वाईट होतं.' ज्या जागी पहारा उतरवायचा तिथेच आम्ही त्याला आठ तास उभं केलं होतं. मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारते, तुझ्या आयुष्यात कोणी आहे का, मुलगा असो मुलगी असो, आणि हे दोन शब्द आधीच म्हणून टाकल्यामुळे किती जणांचे खांदे खाली येतात ते मी बघितलंय. त्या मुलाचं मला अजून वाईट वाटतं.

आता मित्र म्हणाला ती पळवाट. तुझ्या मित्राचं एक बरोबर आहे, ते मान्य करूनच पुढे जाऊ. व्यसन सुरू ज्या कारणाने होतं त्याच कारणावर ते कायम उभं राहत नाही, काही काळाने त्याला स्वतःचे पाय फुटतात. आधी वाईट दिवसानंतर पितोस, मग चांगल्या दिवसानंतरही, मग दिवस कसा गेला याचा संबंधच राहत नाही. त्या टप्प्यावर जगातला सगळा भेदभाव उद्या सकाळी संपला तरी दारू आपोआप सुटणार नाही, तिच्यावर वेगळं काम करावंच लागतं आणि ते तुलाच करावं लागणार. पण म्हणून कारण खोटं ठरत नाही. पळवाट काढणारा माणूस कारण सांगून थांबतो, तू तर कारण शोधून पुढे काय करू असं विचारतोयस. मित्राला एवढंच विचार, की आज दिवसभरात तू कितीदा क्रियापद बदललंस?

तू नेमका कुठे आहेस ते मी इथून सांगू शकत नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकात दारूच्या व्यसनाचे ११ निकष आहेत, वर्षभरात त्यातले दोन-तीन लागू झाले तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त म्हणजे गंभीर. ठरवलं त्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, तलफ येणं, कामावर परिणाम होणं, तेवढ्याच दारूने आता काही न होणं, असे ते निकष आहेत. डब्ल्यूएचओची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, ती पाच मिनिटांत भरून होते, डॉक्टरकडे जायच्या आधी भरून बघ आणि खरी उत्तरं लिही. एक गोष्ट मात्र बजावून सांगते, सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, पिल्याशिवाय उठवत नसेल, तर जोशात येऊन एकदम बंद करू नकोस. दारूच्या विड्रॉलमध्ये, म्हणजे सवयीची दारू अचानक थांबल्यावर होणाऱ्या त्रासात, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं घेऊन सोडायची असते ती.

शनिवारच्या पार्टीबद्दल थोडं. मी तुला जाऊ नकोस म्हणणार नाही, कारण कित्येक मुलांना आठवड्यातली तेवढीच एक जागा असते जिथे 'तो' म्हणता येतं. अडचण ही आहे की ती जागा आणि नशा एकाच दाराने आत येतात. कितीतरी पिढ्या गे लोकांना भेटायला बार आणि पार्ट्या सोडून दुसरी सुरक्षित जागाच नव्हती, त्यातून हे जोडलं गेलंय. त्यात मेफेड्रोन, क्रिस्टल मेथ, जीएचबी (गुंगी आणणारं द्रव्य) यांसारखी द्रव्यं सेक्सबरोबर घेणं, ज्याला केमसेक्स म्हणतात, त्याचं आकर्षण समजून घ्यायला हवं. ज्या मुलाला स्वतःच्या शरीराची, स्वतःच्या इच्छेची आयुष्यभर लाज वाटली त्याची ती लाज काही तासांसाठी पूर्ण गायब होते. एक जण म्हणाला होता, 'पहिल्यांदा कोणाला जवळ घेताना डोक्यात आवाज नव्हता.' मग ते नसताना जवळीक फिकी वाटायला लागते, आणि तिथून सोडणं खरंच कठीण होत जातं. म्हणून तू दोनदाच घेतलंयस तर आत्ताच थांबायची सगळ्यात सोपी वेळ आहे.

आणि तरीही तू अशा ठिकाणी असशील तर जीव वाचवणाऱ्या दोन गोष्टी पाठ कर. पॉपर्स आणि ताठरतेच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल वगैरे, एकत्र कधीच नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. जीएचबी आणि दारू एकत्र कधीच नाही, जीएचबीत चढण्याचा डोस आणि बेशुद्ध पडण्याचा डोस यात अंतर फारच थोडं असतं, वर दारू असली की श्वास मंदावतो, आणि लोक 'झोपलाय' म्हणून सोडून देतात. हाक मारून, हलवून उठत नसेल तर तो झोपलेला नाही, कुशीवर वळवायचं आणि अँब्युलन्स बोलवायची, भीती वाटली तरी.

उपचार. दारूवर वेगळं काम आणि पहाऱ्यावर वेगळं काम असं मी पूर्वी करायचे, आता दोन्ही एकत्र करते. न्यूयॉर्कमध्ये जॉन पाचान्किस आणि सहकाऱ्यांनी तरुण गे आणि बायसेक्शुअल पुरुषांसाठी एस्टीम नावाची १० सेशन्सची थेरपी बनवली, सीबीटीच्याच, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीच्या पद्धतीने, पण मायनॉरिटी स्ट्रेस मध्यभागी ठेवून, आणि २०१५ मध्ये ६३ जणांवरच्या चाचणीत नैराश्याची लक्षणंही कमी झाली आणि दारूच्या तक्रारीही. अभ्यास छोटा आहे, पण माझ्या अनुभवाशी जुळतो. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं म्हणजे, ही धास्ती तू कुठे शिकलास ते शोधायचं. कारण ती कधीतरी उपयोगाची होती! शाळेत बारा वर्षांच्या मुलाने चाल बदलली, आवाज जाड केला, म्हणून तो वाचला. ती हुशारी होती, भित्रेपणा नव्हता. फक्त आता २४ व्या वर्षी, रिकाम्या खोलीतही ती चालूच आहे, कोणी बंद करायला सांगितलंच नाही. मग छोटे प्रयोग करायचे. ज्या मैत्रिणीला माहीत आहे तिच्याशी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, न पिता, खरी क्रियापदं वापरून बोलायचं. हसू येतं ना वाचून? वहीवाल्या मुलाने हेच केलं होतं. पहिल्या वेळी सात मिनिटांत त्याला घाम फुटला आणि विषय बदलला. चौथ्या-पाचव्या वेळी त्या रात्री प्यायचं विसरला, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पुढे तो दोनदा घसरला, हेही सांगते, पण घसरल्यावर वही घेऊन आला, लपवलं नाही.

थेरपिस्ट निवडताना पहिल्याच फोनवर विचार, मी गे आहे, तुम्हाला याबद्दल काय वाटतं. अडखळले किंवा 'तेही बघू आपण' म्हणाले तर फोन ठेव. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीये, त्यामुळे ती बरी करून देतो म्हणणाऱ्याकडे कुठल्याही कारणाने जायचं नाही, तिथून आलेली मुलं मी बघितलीयेत, जास्त पिऊन आलेली.

आता शेवटचा प्रश्न, घरी आधी की दारू आधी. सगळे म्हणतील सांगून टाक, मोकळा होशील. मी असं सरसकट कधीच सांगत नाही. केटलिन रायन यांच्या २००९ च्या अभ्यासात ज्या तरुणांना घरून तीव्र नकार मिळाला होता त्यांच्यात, ज्यांना नकार जवळपास मिळालाच नाही त्यांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न झाल्याची शक्यता ८.४ पट आणि बेकायदा ड्रग्ज घेण्याची ३.४ पट जास्त होती. म्हणजे घरी सांगणं हे औषधही होऊ शकतं आणि जखमही, ते समोरच्यांवर अवलंबून आहे, आणि त्यांना तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. राहतोस त्यांच्याकडे का, पैसे त्यांच्यावर अवलंबून आहेत का, त्या रात्री घरातून बाहेर पडावं लागलं तर कोणाकडे जाशील, या तिन्हींची उत्तरं हातात येईपर्यंत घाई नको. पिऊन तर मुळीच सांगू नकोस, धीर यावा म्हणून पितात आणि मग सकाळी घरच्यांना आठवतो तो दारूचा वास, सांगितलेलं बाजूला राहतं.

लपवणं संपवायला आईबाबांपासूनच सुरुवात करावी लागते असं नाही. एक माणूस पुरतो सुरुवातीला, आणि तुझ्याकडे ऑफिसातली ती मैत्रीण आहेच. या आठवड्यात पिण्याच्या आधीचे तास लिहायला घे, वेळेसकट, तीन दिवस पुरे, आणि ते पान घेऊन जवळच्या सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा. काय बोलू कळत नसेल तर नुसतं पान पुढे कर.